साडेपाच महिन्यांचा सेनापती

गेल्या अंकात १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, झालेल्या हल्ल्याविषयी एका वाचकाला उत्तर देताना ओघात जनरल सर ह्यू रोज याचे नाव आले होते. त्या एका नावावरून या वेळी टपालात बरीच पत्रे आली. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथील वाचकांचे प्रश्न एकाच माणसाभोवती फिरत असल्यामुळे या महिन्याचे सदर त्याच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर घेणारा हा सेनापती आधी कुठे कुठे लढून आला होता, असे माझा नातू विचारतो. पाठ्यपुस्तकात त्याचे नाव एका ओळीत येते आणि निघून जाते. तो खरोखर मोठा सेनापती होता, की समोरच्यांच्या गोंधळाने त्याला मोठा केला? (निवृत्त बँक अधिकारी, इंदूर)

उत्तर : नातवाला ऐकून नवल वाटेल, पण १९ सप्टेंबर १८५७ रोजी ह्यू रोज मुंबईत उतरला तेव्हा त्याचे वय ५६ वर्षांचे होते आणि स्वतःच्या हाताखालची फौज घेऊन लढाई जिंकल्याची गोष्ट त्याच्या नावावर नव्हती. हिंदुस्थान त्याने पूर्वी पाहिलेलाही नव्हता. उभे आयुष्य हिंदुस्थानात काढलेल्या कंपनीच्या जुन्या अधिकाऱ्यांना त्याची नेमणूक रुचली नसेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

त्याचा जन्म ६ एप्रिल १८०१ रोजी बर्लिनमध्ये झाला आणि शिक्षणही तेथेच झाले. वडील राजनैतिक सेवेत होते, त्यामुळे परभाषा, दरबारी रीतिरिवाज आणि समोरच्याच्या मनातले ओळखण्याची सवय त्याला घरातूनच मिळाली. १८२० मध्ये तो ब्रिटिश सैन्यात एन्साइन, म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाचा अधिकारी, म्हणून दाखल झाला, पण नेपोलियनशी चाललेली युद्धे तोवर संपून गेली होती आणि पुढची वीस वर्षे आयर्लंड, जिब्राल्टर, माल्टा अशा ठिकाणी शांततेच्या काळातली नोकरी करण्यात गेली. १८४० मध्ये इजिप्तच्या फौजांना सीरियातून हुसकावण्यासाठी ब्रिटनने तुर्कस्तानला मदत केली, त्या वेळी तो तुर्की सैन्याबरोबर गेला. घोडदळाच्या एका चकमकीत तो जखमीही झाला. त्यानंतर मात्र त्याची गाडी रणांगणावरून वकिलातीकडे वळली. १८४१ ते १८४८ या काळात तो बैरूत येथे ब्रिटिश कॉन्सल जनरल होता आणि लेबनॉनच्या डोंगरांत ड्रूझ व मॅरोनाइट या दोन जमातींमधल्या रक्तपाताला आवर घालण्यात त्याची ती वर्षे गेली. १८४५ मध्ये अबेह या गावी अडकून पडलेल्या शेकडो ख्रिस्ती रहिवाशांना त्याने स्वतः बरोबर राहून बैरूतला सुखरूप पोहोचवले. १८४८ मध्ये बैरूतला पटकी आली. अनेक युरोपीय अधिकारी शहर सोडून गेले, हा मात्र मागे राहून रोग्यांच्या घरी जात असे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढच्या उत्तरात तिची गरज पडणार आहे.

पुढे इस्तंबूलच्या वकिलातीत असताना, १८५३ साली रशियाचा राजदूत प्रिन्स मेन्शिकोव्ह तुर्की सुलतानाला धमकावण्यासाठी आला, तेव्हा राजदूत जागेवर नसल्यामुळे सारा कारभार रोजच्या हाती होता. त्याने लंडनला न विचारताच माल्टा येथील ब्रिटिश आरमार बोलावले. वरून हुकूम आल्याखेरीज हलणार नाही, असे ॲडमिरलने कळवले आणि बेत तेथेच राहिला. क्रिमियाच्या युद्धात तो फ्रेंच सेनापतीच्या छावणीत ब्रिटिश प्रतिनिधी होता. गोळ्यांच्या वर्षावात तो अनेकदा उभा राहिला, परंतु फौज त्याची नव्हती. एकंदरीत हिंदुस्थानात आला तो निम्मा शिपाई आणि निम्मा वकील असा माणूस होता, आणि न विचारता पाऊल उचलण्याची खोड त्याला आधीपासूनच होती.

डिसेंबर १८५७ मध्ये तो इंदूरला आला. रेसिडेन्सीवरच्या हल्ल्याला तेव्हा साडेपाच महिने होऊन गेले होते. तुकोजीराव होळकर दुसरे गादीवर होते आणि मध्य हिंदुस्थानातला गव्हर्नर जनरलचा प्रतिनिधी (एजंट) सर रॉबर्ट हॅमिल्टन आपल्या जागी परतला होता. मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेसाठी दिलेल्या फौजेच्या दोन ब्रिगेड होत्या. पहिली महूला होती आणि दुसरी सिहोरला. ६ जानेवारी १८५८ रोजी रोज महूहून निघाला आणि २० जून रोजी ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. हे सगळे साडेपाच महिन्यांत उरकले. त्याआधीची ३८ वर्षांची नोकरी आणि नंतर मिळालेले सारे मानमरातब एका पारड्यात टाकले, तरी इतिहास त्याला ओळखतो तो याच साडेपाच महिन्यांमुळे.

या मोहिमेची सुरुवात मात्र लढाईने झाली नाही. सिहोरला भोपाळ कंटिंजंटच्या, म्हणजे भोपाळ संस्थानासाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या, बंडखोर शिपायांवर लष्करी न्यायालय बसवून सरकारी कागदांनुसार १४९ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर जानेवारीच्या अखेरीस राहतगढ पडले आणि ३ फेब्रुवारीला सागरचा किल्ला मोकळा झाला, जेथे युरोपीय कुटुंबे कित्येक महिने कोंडून घेऊन राहिली होती. पाठोपाठ गढाकोटा घेतले. मार्चच्या आरंभी मदनपूरची खिंड फोडून तो बुंदेलखंडात उतरला आणि त्याच महिन्यात पहिल्या ब्रिगेडने चंदेरी घेतली. या साऱ्या लढायांचा तपशील रंजक नाही, पण त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. किल्ला घेतल्यावर फौजेने चार दिवस विसावा घ्यावा ही त्या काळची रीत होती. रोज मात्र पडलेल्या किल्ल्यातून पळालेल्यांच्या मागे त्याच दिवशी घोडदळ सोडत असे. सागरला तीन आठवडे मुक्काम पडला तोही नाइलाजाने, कारण धान्य, बैल आणि दारूगोळा गोळा केल्याखेरीज पुढे पाऊल टाकणे शक्य नव्हते.

झाशीच्या वाटेवर असतानाच गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती सर कॉलिन कॅम्पबेल या दोघांचेही हुकूम आले, की तात्या टोपे याने चरखारीच्या राजाला वेढले आहे, तेव्हा आधी तिकडे वळावे. चरखारी दूर होती आणि झाशी अवघ्या एका मजलेवर आली होती. वळलो तर चरखारी वाचायची नाही आणि झाशीला तयारीसाठी वेळ मिळेल, हे रोज व हॅमिल्टन या दोघांनाही दिसत होते. हॅमिल्टनने ती जबाबदारी लेखी स्वतःच्या शिरावर घेतली आणि फौज झाशीकडेच गेली. पुढे घडलेल्या गोष्टींचे श्रेय एकट्या सेनापतीला देणाऱ्यांना या मुलकी अधिकाऱ्याची आठवण सहसा राहत नाही.

२१ मार्चला वेढा सुरू झाला. राणीने आसपासच्या मुलखात गवताची काडी आणि झाडाची सावली शिल्लक ठेवली नव्हती, त्यामुळे इंग्रजांची जनावरे उपाशीच मरायची. ती जगली, कारण शिंदे आणि ओरछा या दोन संस्थानांकडून धान्य व वैरण येत राहिली. बाहेरून मदत आली तर आधी कळावे म्हणून रोजने टेकड्यांवर टेहळणीची ठाणी ठेवली होती आणि निशाणांच्या खुणा ठरवून दिल्या होत्या. ३१ मार्चला ती निशाणे फडकली. इंग्रजांच्याच हिशेबाने २० हजारांहून अधिक फौज घेऊन तात्या बेतवा उतरून आला होता. रात्री पलीकडच्या टेकडीवर त्याने मोठा जाळ केला आणि किल्ल्याने तोफांची सलामी देऊन त्याला उत्तर दिले.

त्या रात्री रोजपुढे तीन वाटा होत्या. वेढा उठवून सारी फौज तात्यावर न्यावी, किंवा मोर्च्यांच्या आड बसून दोन्हीकडून मार खावा, किंवा वेढा तसाच चालू ठेवून जे थोडे शिपाई मोकळे करता येतील तेवढेच घेऊन चालून जावे. त्याने तिसरी वाट धरली. किल्ल्यावरचा तोफांचा मारा एक घटकाही थांबवला नाही आणि १ एप्रिलच्या पहाटे सुमारे १५०० माणसे घेऊन तात्यासमोर उभा राहिला. त्यांतले गोरे जेमतेम एक तृतीयांश होते. समोरासमोर तोफा सुरू होताच त्याने दोन्ही बगलांवर एकाच वेळी घोडदळ घातले आणि एका बाजूच्या हल्ल्यात स्वतः पुढे राहिला. तात्याची पहिली फळी बगलेवरून दुमडली आणि मागे पळाली. येथे तात्याची एक चूक उघडी पडली. त्याची दुसरी फळी इतकी मागे, झाडीत होती की पहिलीला तिचा आधार मिळालाच नाही. पळणारे आणि पाठलाग करणारे एकत्रच तिच्यावर येऊन आदळले. माघार झाकण्यासाठी तात्याने जंगलाला आग लावली. इंग्रज स्वार त्या जाळातून आणि धुरातून घोडे घालून बेतवेपलीकडे गेले आणि तोफा हस्तगत करूनच परतले. तटावरून हे सारे पाहणाऱ्या झाशीकरांची त्या सकाळी काय अवस्था झाली असेल, त्याची कल्पना करवत नाही. दोनच दिवसांनी, ३ एप्रिलला, शहरावर एल्गार झाला.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. समोर गोंधळ होताच. तात्याच्या फौजा, राणीचे मोर्चे आणि नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब पेशवे यांचा दरबार यांना एका सूत्रात बांधणारे कोणी नव्हते. किल्ल्यात बसून वाट पाहण्याची चूक बंडवाल्यांनी राहतगढपासून काल्पीपर्यंत पुन्हा पुन्हा केली. पण हाच गोंधळ समोर असताना त्याच प्रांतात जनरल व्हिटलॉक मद्रासची फौज घेऊन फिरत होता आणि मुंगीच्या पावलांनी येत होता. तेव्हा फरक सेनापतीचाही होता. मला विचाराल तर रोजकडे युद्धशास्त्राची फार खोल विद्या नव्हती. समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही ही एकच गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती, आणि १८५८ च्या मध्य हिंदुस्थानात तेवढी पुरेशी ठरली.

प्रश्न : ह्यू रोजने राणीच्या शौर्याची स्तुती केली असे आपण अभिमानाने सांगतो. मग झाशीत झालेली कत्तल त्याच्या संमतीने झाली, की शिपाई हाताबाहेर गेले? गोडसे भटजींनी लिहिले आहे ते कितपत खरे मानावे? (शिक्षिका, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : वरसईचे विष्णुभट गोडसे हे बायजाबाई शिंदे यांच्या संकल्पित यज्ञाची दक्षिणा मिळावी म्हणून घरातून निघाले आणि नेमके वेढ्याच्या दिवसांत झाशीत सापडले. त्यांनी आठवणी लिहिल्या त्या सुमारे पाव शतकानंतर, त्यामुळे तारखा आणि आकडे यांसाठी त्यांच्यावर विसंबू नये. परंतु गल्लीत काय चालले होते, पाण्याची काय दशा होती, आग लागलेल्या हलवाईपुऱ्यात काय घडले, हे सांगणारा त्यांच्याइतका जवळचा मराठी साक्षीदार दुसरा नाही. कत्तलीला त्यांनी ‘बिजन’ हा शब्द वापरला आहे, जो आज आपल्या बोलण्यातून गेला आहे. शिवाय मुख्य गोष्टीत त्यांचे म्हणणे आणि इंग्रजांचे म्हणणे यांत फारसे अंतर नाही. रोजच्याच फौजेतील डॉक्टर टॉमस लो याने त्या दिवसांचे वर्णन केले आहे, त्यातही दया दाखवण्याचा विचार कोठे आढळत नाही. मृतांचा आकडा ब्रिटिश लेखकांनीच ५ हजारांच्या आसपास दिला आहे.

शिपाई हाताबाहेर गेले असे म्हणून सेनापतीला मोकळे करता येणार नाही. जून १८५७ मध्ये झाशीच्या झोकनबागेत सुमारे ६० युरोपीय स्त्री-पुरुष व मुले मारली गेली होती. त्याचा सूड घ्यायचा ही भावना छावणीत उघड होती आणि ती सेनापतीपासून लपलेली नव्हती. शहरात शिरताना काही शिड्या आखूड पडल्या, काही मोडल्या, तटावर अधिकारी मेले आणि पुढे घराघरांतून झुंज झाली. राजवाड्याच्या पागेत राणीच्या पहाऱ्यावरचे स्वार शेवटचा माणूस पडेपर्यंत लढले. झुंजीच्या पहिल्या दिवशी रक्त तापलेले होते, असे फार तर म्हणता येईल. पण राणी ४ एप्रिलच्या रात्री निसटून गेल्यानंतरही मारणे चालूच राहिले, आणि रोज तेथेच होता. स्त्रियांना व मुलांना हात लावू नये असे बजावले होते, ही इंग्रजांची बाजू. त्याच वाक्याचा अर्थ असा होतो, की पुरुषांविषयी तसे बजावलेले नव्हते.

बैरूतची आठवण ठेवा असे वर म्हटले ते यासाठीच. लेबनॉनमध्ये परक्या लोकांचे प्राण वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारा आणि झाशीत शांतपणे खलिते लिहिणारा माणूस एकच आहे. माझ्या मते त्याचा स्वभाव बदलला नव्हता, भूमिका बदलली होती. बैरूतला तो दोन पक्षांच्या मध्ये उभा होता, येथे तो स्वतःच एक पक्ष होता. हे समर्थन नव्हे. आणि राणीविषयी त्याने लिहिलेली वाक्ये नीट वाचली तर ती निव्वळ स्तुती नाही हेही दिसते. तिचे धैर्य, हुशारी, चिकाटी आणि हाताखालच्यांविषयीचे औदार्य यांची त्याने वाखाणणी केली, आणि लगेच म्हटले की याच गुणांमुळे, त्यांना तिच्या दर्जाची जोड मिळाल्यामुळे, ती सर्व बंडखोर पुढाऱ्यांत सर्वांत धोकादायक होती. आपण अर्धेच वाक्य पाठ केले आहे.

प्रश्न : कोटा की सराय येथे राणीशी प्रत्यक्ष ह्यू रोज लढला का? आणि बलिदानाचा दिवस १७ जून की १८ जून? (वाचक, मुरार, ग्वाल्हेर)

उत्तर : नाही. तो त्या दिवशी मुरारला होता. पण तो मुरारपर्यंत कसा आला हे सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही, कारण त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत विलक्षण भाग मला हाच वाटतो.

७ मे रोजी कोंच येथे तात्याशी आणि राणीशी गाठ पडली तेव्हा सावलीतही ११० अंश फॅरेनहाइट उष्मा होता. गोरे शिपाई उष्माघाताने जागच्या जागी कोसळत होते. रोज स्वतः घोड्यावरून पुन्हा पुन्हा पडला. प्रत्येक वेळी डॉक्टरने त्याच्या डोक्यावर थंड पाणी ओतले, काही औषध पाजले आणि तो पुन्हा घोड्यावर बसला. माझे बालपण ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात गेले आहे. जूनमध्ये दुपारी लू सुटली की आई खिशात कांदा घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे, आणि आम्ही जायचो ते फक्त कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. ग्वाल्हेरकरांना त्यामुळे या फौजेचे हाल वेगळे सांगावे लागणार नाहीत. २२ मेला, म्हणजे नौतपा (सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस) लागण्याच्या तोंडावर, काल्पीजवळ गोलौलीला बंडवाल्यांनी ठरवूनच भर उन्हात हल्ला केला. रोजच्या तोफांपर्यंत ते पोहोचलेही होते, पण यमुनेपलीकडून आलेल्या उंटस्वारांच्या तुकडीने ऐन वेळी धावून येऊन बाजू सावरली. काल्पी दुसऱ्या दिवशी पडली. बाजीराव आणि मस्तानी यांच्या वंशातला बांद्याचा नवाब अली बहादूर हाही त्या वेळी रावसाहेबांच्या बाजूने होता. पुढे तो शरण आला आणि इंग्रजांनी त्याला पेन्शन देऊन इंदुरात ठेवले.

काल्पी घेतल्यावर काम संपले असे रोजने मानले. प्रकृती पार खालावली होती, डॉक्टरांनी रजा घ्यायला सांगितले होते, फौजेचा निरोपही त्याने घेतला होता आणि त्याच्या जागी रॉबर्ट नेपियरची नेमणूक झाली होती. इतक्यात बातमी आली, की १ जून रोजी जयाजीराव शिंदे यांची फौज मुरारजवळ तात्या, रावसाहेब आणि राणी यांना जाऊन मिळाली, जयाजीराव आग्र्याला गेले आणि ग्वाल्हेर बंडवाल्यांच्या हाती पडले. एकदा सोडलेली सूत्रे आपण होऊन पुन्हा हाती घेणे हे लष्करी नियमाला सोडून होते. रोजने कोणाची वाट न पाहता ती घेतली. नेपियरनेही मोठेपणा दाखवून त्याच्या हाताखाली ब्रिगेड सांभाळण्याचे मान्य केले. या आगाऊपणाबद्दल कॅम्पबेलने रोजची कानउघाडणी केली. जो सरसेनापती चरखारीच्या वेळी दुखावला होता, तो दुसऱ्यांदा दुखावला.

रात्री चालायचे आणि दिवसा तंबूत तगायचे असे करत रोज १६ जूनला मुरारला पोहोचला आणि त्याच दिवशी छावणी घेतली. दुसऱ्या बाजूने, शिवपुरीहून, ब्रिगेडियर स्मिथ राजपुतान्याच्या फौजेतली ब्रिगेड घेऊन १७ जूनला कोटा की सराय येथे आला. राणी पडली ती याच ब्रिगेडच्या आठव्या हुसार या घोडदळाच्या पलटणीच्या हल्ल्यात. इंग्रजी कागदपत्रे १७ जून ही तारीख देतात, आणि ग्वाल्हेर फुलबागेतल्या समाधीवर १८ जूनला फुले वाहते. आपण ग्वाल्हेरकरांनी आपली परंपरा पाळावी, लिहिताना मात्र दोन्ही तारखा द्याव्यात. चिंचेच्या झाडाखाली, ग्वाल्हेरच्या खडकाच्या पायथ्याशी तिचे दहन झाले आणि तिच्या अस्थी व राख आपण पाहिली, असे रोजने इंग्लंडला एका पत्रात कळवले. राणी आणि रोज यांची भेट झाली असेल तर ती एवढीच.

१८ तारखेला नेपियरला मुरारला ठेवून रोज स्मिथला जाऊन मिळाला. त्या एका मजलेत ८६ व्या पलटणीचे सुमारे १०० जण उन्हाने गळून डोल्यांत घालावे लागले, आणि त्यांतलेच लोक दुसऱ्या दिवशी लढायला उभे राहिले. १९ जूनला लष्कर शहर पडले. २० तारखेच्या पहाटे एका लोहाराला बरोबर घेऊन किल्ल्याचे दरवाजे फोडणारे दोन तरुण लेफ्टनंट मुंबईच्या २५ व्या देशी पलटणीचे होते. त्यांतल्या एकाचे आडनावही रोजच होते आणि तो तेथेच मारला गेला. आडनावाच्या या साम्यामुळे काही ठिकाणी जनरल रोज ग्वाल्हेरला पडला असे छापलेले आढळते, ते चुकीचे आहे.

प्रश्न : तात्या टोपे बडोद्याकडे आला होता, तेव्हा त्याचा पाठलाग ह्यू रोजच करत होता का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, बडोदे)

उत्तर : नाही. रोजने २९ जून १८५८ रोजी सूत्रे नेपियरकडे दिली आणि तो पुण्याला गेला. तात्या नर्मदा उतरून बडोद्याच्या रोखाने निघाला ते वर्षाच्या अखेरीस. १ डिसेंबरला छोटा उदेपूर येथे ब्रिगेडियर पार्क याने त्याला गाठले आणि बडोदे राहिले. खंडेराव महाराज गायकवाड या काळात इंग्रजांच्या बाजूने ठाम उभे होते. तात्याचा शेवट १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला झाला.

प्रश्न : इतक्या विजयांनंतर या सेनापतीला काय मिळाले? (वाचक, इंदूर)

उत्तर : पद भरपूर मिळाले, पैसा मिळाला नाही, आणि पैशाची ती कहाणी आपल्याला अधिक जवळची आहे. १८६० मध्ये तो आधी मुंबईच्या आणि काही महिन्यांतच साऱ्या हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती झाला. कंपनीच्या गोऱ्या पलटणी इंग्लंडच्या राणीच्या सैन्यात मिसळताना त्यांनी केलेली कुरबूर त्याला मोडावी लागली. आपल्या मर्जीविरुद्ध आपल्याला एका मालकाकडून दुसऱ्याकडे दिले, ही त्या गोऱ्या शिपायांची तक्रार होती, आणि ती १८५७ नंतर दोनच वर्षांत झाली, याची गंमत वाटते. १८६५ पासून पाच वर्षे तो आयर्लंडमध्ये सेनापती होता. १८६६ मध्ये त्याला ‘स्ट्रॅथनेर्न आणि झाशी’ या नावाने उमराव केले, म्हणजे झाशीचे नाव एका इंग्रजाच्या किताबात गेले. १८७७ मध्ये तो फील्ड मार्शल झाला आणि १६ ऑक्टोबर १८८५ रोजी पॅरिसमध्ये वारला.

पैशाचे असे झाले, की जून १८५८ मध्ये व्हिटलॉकची फौज चित्रकूटजवळच्या किरवी येथे पोहोचली. किरवी म्हणजे राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव पेशवे यांच्या वंशजांचे ठिकाण. नारायणराव आणि माधवराव यांचा खजिना, जवाहीर आणि दारूगोळा फारशी लढाई न होता व्हिटलॉकच्या हाती पडला. झाशी आणि काल्पी आम्ही फोडली नसती तर हा माणूस किरवीपर्यंत पोहोचलाच नसता, असे म्हणत रोज आणि त्याची फौज या लुटीत वाटा मागू लागली. हा दावा लंडनच्या ॲडमिरल्टी न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि १८६६ मध्ये निकाल रोजच्या विरुद्ध गेला. मराठ्यांच्या घरातली दौलत कोणत्या इंग्रजाने घ्यावी, यावर इंग्रज वकील लंडनच्या कचेरीत बसून भांडत होते. मूळ मालकाचा त्यात प्रश्नच नव्हता.

प्रश्न : महू ते ग्वाल्हेर या मार्गावर आज मोटारीने जाऊन काय पाहता येईल? (वाचक, महू)

उत्तर : रोजचा रस्ता धरायचा तर महूहून इंदूर, सिहोर, भोपाळ, राहतगढ, सागर, गढाकोटा असे जावे. राहतगढचा किल्ला टेकडीवर आहे, वर चढायला वेळ हाताशी ठेवावा. तेथून मदनपूरकडून झाशीला यावे आणि झाशीत एक पूर्ण दिवस काढावा. तटावरून पूर्वेला बेतवेच्या दिशेने पाहिले म्हणजे ३१ मार्चच्या रात्रीचा तो जाळ कुठे दिसला असेल याचा अंदाज येतो. पुढे कोंच, काल्पी आणि तेथून ग्वाल्हेर. ग्वाल्हेरचा किल्ला १८५८ नंतर इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला होता. शिंद्यांना १८६१ मध्ये झाशी शहर दिले आणि १८८६ मध्ये ते परत घेऊन त्याच्या बदल्यात हा किल्ला व मुरारची छावणी दिली, हे किल्ल्यावर उभे असताना आठवावे. रोज निघाला होता तसे जानेवारीत निघा. मोटार आहे, त्यामुळे कोंचला मे महिन्यात पोहोचण्याची पाळी तुमच्यावर येणार नाही.